धोटा

कोर्टासमोर माझं टायपिंगचं टेबल.
दत्तप्रसाद इराबत्ती पहिल्यांदा आला तो
जातीच्या दाखल्याचा अर्ज घेऊन.
पैसे देताना म्हणाला, अजून एक पान आहे काका,
पण अर्जासारखं वाचू नका.
मी वाचलं. श्वास कुठं घ्यायचा तेच कळेना.
"स्वल्पविराम टाकू का?"
"नको. माग थांबतो का मधेच?"
पानाखाली सहीच्या जागी: धोटा.

बापाचा माग भंगारात गेला होता,
टॉवेलच्या ऑर्डरी तुटल्या त्या साली.
लोखंड किलोवर विकलं,
आवाज तेवढा ह्याच्याकडे राहिला.

पहिलं रेकॉर्डिंग चादरीखाली.
डबलच्या दोन चादरी, मोर उलटा आलेल्या,
आत हा, एक मोबाईल आणि मे महिना.
शेजारच्या शेडला सुट्टी असेल तोच दिवस धरायचा.
घाम मोबाईलवर पडू नये म्हणून
बहीण कडेनं टॉवेल आत सरकवायची.
विषय पाण्याचा:
पाचव्या दिवशी, रात्री दोनला, अर्धा तास.
त्यात नगरसेवकाचं नाव होतं
आणि त्याच्या अंगणातल्या कारंज्याचं वर्णन.

कारंजं आठ दिवस बंद राहिलं.
नवव्या दिवशी धोटा आत गेला.

ठाण्यात एका ओळीवर गाडी अडली. तेलुगू होती.
चिथावणी असणार, साहेब म्हणाले.
विडीचं सूप उंबऱ्याबाहेर ठेवून बालमणी आत आली.
"अम्मा, नीळ्ळु रालेदु.
म्हणजे आई, पाणी आलं नाही."
लिहून घेणारा हवालदार थांबला.
त्याच्याकडंही आलं नव्हतं.
तरी त्यानं लिहिलं.

मग जामिनाचा अर्ज मीच टाइप केला,
त्याच फाँटमध्ये. दोषारोपपत्राची प्रत आली,
तिच्यात अख्खं गाणं उतरवलेलं:
सदर इसम असे म्हणतो की.
प्रत्येक शब्दामागे स्वल्पविराम.
दत्तप्रसाद इतका हसला
की वकिलांनी वळून पाहिलं.

सुटला तर दुसऱ्या पार्टीचे हार तयार.
एकदा चढला त्यांच्या ट्रकवर. लपवत नाही मी.
तीस हजार घेतले,
बालमणीच्या घरावर नवा पत्रा आला.
पुढच्या गाण्यात त्यानं आकडा सांगितला,
देणाऱ्याचं नाव सांगितलं, पत्र्याचा रंग सांगितला,
आणि घेणाऱ्याला सगळ्यात जास्त झोडपलं.
तेव्हापासून दोन्हीकडचे त्याला
पलीकडचा म्हणतात.

पुण्याच्या कंपनीचा करार आला, अकरा पानी.
कलम नऊ: व्यक्तींची नावे वगळावीत.
त्यानं करार परत केला नाही.
पाठकोऱ्या बाजूंवर लिहायला घेतला.

आता हॉल मागितला की दुरुस्ती निघते.
लग्नाच्या मंडपवाल्याचा स्पीकर बिघडतो.
मग तो विडी कारखान्याच्या आवारात उभा राहतो,
बायका माल तपासून घ्यायला थांबलेल्या असतात तिथं.
स्पीकर नाही. पाठीशी पोत्यांची थप्पी.
छाट निघालेल्या विड्यांवरून भांडणं चालूच,
त्यांच्या आवाजात ह्याचा आवाज.
कुणी ऐकतं, कुणी म्हणतं बाजूला हो बे.

बालमणीनं त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं.
घरी येऊन म्हणाली, फार पळतोस.
पंचविसाला एक दोरा बांधावा,
नाहीतर मोजणार कोण?

परवा तो नवीन पान घेऊन आला.
मी टाइप करत होतो, तो मागून
बोटांवर मोजत होता. मधेच म्हणाला,
काका, इथं एक स्वल्पविराम टाका.
मी टाकला. काही बोललो नाही.

पुढची तारीख तेवीस आहे, सकाळी अकरा.
पाण्याचा दिवसही तोच, आणि नळाची वेळ बदलली म्हणतात.
बालमणी निरोप पाठवते,
कोर्टाला विचारून बघा,
दुपारनंतर चालेल का.